महाबळेश्वरला कधी जावं? आधी वारा कुठला आहे ते पाहा

महाबळेश्वरला जायला चांगला काळ कोणता, असं कुणालाही विचारा, ठरलेलं उत्तर मिळतं: ऑक्टोबर ते मे. पावसाळा सोडून कधीही. उत्तर खोटं नाही, पण त्याचा उपयोग फार थोडा. या आठ महिन्यांत तिथे निदान चार वेगवेगळी गावं भेटतात. ऑक्टोबरात धबधबे वाहते असतात आणि दऱ्या तळापर्यंत दिसतात, पण स्ट्रॉबेरीची तेव्हा नुसती लागवड चाललेली असते. फेब्रुवारीत स्ट्रॉबेरी मुबलक, धबधब्यांच्या जागी मात्र कोरडा कातळ. डिसेंबर-जानेवारीच्या एखाद्या पहाटे वेण्णा तलावाकाठी गवतावर दव गोठतं. मे महिन्यात यातलं काहीच नसतं, तरी सगळ्यात जास्त गर्दी तेव्हाच. धबधबा, स्ट्रॉबेरी, गोठलेलं दव आणि लांबवरचा स्वच्छ नजारा हे सगळं एकाच सहलीत मिळेल अशा समजुतीनं लोक निघतात आणि हिरमुसून परत येतात. चूक गावाची नसते.

कुठल्या महिन्यात काय मिळतं याची जंत्री पाठ करायची गरज नाही. ते तसं का आहे हे एकदा कळलं की तारखा आपल्याला ठरवता येतात. आणि ते कळायला एकच गोष्ट धरून ठेवायची: वारा कुठून येतोय.

गाव कड्यावर बसलं आहे

महाबळेश्वरची उंची समुद्रसपाटीपासून साधारण १,३५० ते १,४०० मीटर. दर हजार मीटर चढलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, हा ढोबळ हिशोब. खाली महाड जवळजवळ समुद्रसपाटीला. म्हणजे महाडमध्ये घामाघूम झालेला माणूस आंबेनळी घाट चढून वर आला की त्याला आठ-नऊ अंश कमी तापमान मिळतं. कुठल्याही डोंगरी गावाचा गारवा इथून सुरू होतो.

पण उंची ही अर्धीच गोष्ट. महाबळेश्वर अगदी सह्याद्रीच्या माथ्यावर, कड्याला लागून वसलेलं आहे. पश्चिमेला डोंगर एकदम तुटतो आणि खाली कोकण सुरू होतं. पूर्वेला मात्र तो सावकाश, टप्प्याटप्प्यानं उतरतो. आधी पाचगणी, मग पसरणीचा घाट, आणि तळाशी वाई. आर्थर सीटवर उभं राहिलं की एका हाताला सावित्रीचं खोरं आणि दुसऱ्या हाताला जोरचं खोरं दिसतं, तेव्हा ही रचना डोळ्यांनीच समजते. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात पाच नद्यांचा उगम मानतात. त्यांतली सावित्री पश्चिमेला उतरून बाणकोटच्या खाडीत अरबी समुद्राला मिळते. कृष्णा पूर्वेची वाट धरते, तिला वेण्णा माहुलीला आणि कोयना कराडला भेटते, आणि ते पाणी थेट बंगालच्या उपसागरापर्यंत जातं. एकाच माथ्यावरून निघालेलं पाणी दोन समुद्रांना वाटलं जातं. हा माथा हवेचीही अशीच वाटणी करतो.

पश्चिमेचा वारा

जूनमध्ये अरबी समुद्रावरून बाष्पानं भरलेला वारा येतो. कोकणची पट्टी ओलांडली की समोर सह्याद्रीचा कडा. वाऱ्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नसतं. वर हवेचा दाब कमी, त्यामुळे चढणारी हवा प्रसरण पावते आणि थंड होते. थंड हवेत बाष्प कमी मावतं, उरलेल्याचे थेंब होतात. म्हणजे ढग तयार व्हायची जागा आणि महाबळेश्वरची जागा एकच. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे ज्याला आपण धुकं म्हणतो तो खरं तर ढगच असतो, आणि गाव त्याच्या आत असतं.

म्हणून इथे वर्षाला सरासरी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईच्या दुपटीहून जास्त. यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतला.

आता खरी नवलाची गोष्ट. माथा ओलांडला की तोच वारा पूर्वेला उतरायला लागतो. उतरणारी हवा दाबली जाते, गरम होते, ढग विरळ होतात. महाबळेश्वरपासून पाचगणी एकोणीस-वीस किलोमीटर. तिथे पाऊस एक तृतीयांशाच्या आसपास. पसरणी घाट उतरून वाईला या, तिथे वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर, म्हणजे साधारण पुण्याइतकाच. तासाभराच्या रस्त्यात पावसाचे तीन वेगळे प्रदेश. म्हणूनच मला वाटतं, महाबळेश्वरच्या सहलीत महिना निवडण्याइतकंच मुक्काम कुठे करायचा हे महत्त्वाचं आहे. सप्टेंबरात महाबळेश्वरच्या बाजारपेठेत छत्री उलटी होत असते, तेव्हा पाचगणीच्या टेबललँडवर ऊन पडलेलं असू शकतं.

पावसात जावं का? मनापासून सांगायचं तर जुलैमध्ये नको, आणि सोबत लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर मुळीच नको. कारण गैरसोयीचं नाही, धोक्याचं आहे. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. वाईला जवळजवळ वर्षभरात पडतो तेवढा एका दिवसात. त्याच दिवशी खाली महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. आंबेनळी घाटाचा रस्ता ठिकठिकाणी तुटला. असा दिवस दरवर्षी येत नाही, पण येतो तेव्हा जुलै-ऑगस्टमध्येच येतो, आणि घाटात अडकलेल्या गाडीला मागेही जाता येत नाही, पुढेही.

दुसरं कारण साधं आहे. ज्या पॉइंटांसाठी आपण जातो तिथे या काळात पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. तासन्‌तास थांबावं, मध्येच वाऱ्यानं ढग फाटावा, दोन मिनिटं दरी दिसावी आणि पुन्हा मिटावी. हा अनुभव ज्यांना हवा आहे त्यांच्यासाठी तो अपूर्व आहे. दोन दिवसांची सुट्टी काढून 'सगळे पॉइंट' करायला आलेल्या कुटुंबासाठी नाही. तापमानाचंही वेगळंच असतं. ढगांच्या झाकणामुळे दिवस तापत नाही आणि रात्र निवत नाही. ऑगस्टमध्ये भर दुपारीसुद्धा पारा विशीच्या आसपासच रेंगाळतो. आकडा सुखाचा वाटतो, पण अंगावरचे कपडे ओले, अंथरूण दमट आणि वारा झोंबरा असतो तेव्हा हीच विशी हिवाळ्यातल्या रात्रीपेक्षा जास्त बोचते. गावातले लोक पावसाळ्याआधी घरांच्या आणि दुकानांच्या पश्चिमेकडच्या भिंतींना झडी, म्हणजे गवताच्या ताट्या, बांधतात, ती हौस नव्हे.

पाऊस अनुभवायचाच असेल तर मुक्काम वाईला किंवा पाचगणीला करावा. वाईला कृष्णेचे घाट आहेत, ढोल्या गणपती आहे, जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. मराठी विश्वकोशाचं कामही याच गावात उभं राहिलं. सकाळी आभाळ आणि रस्ता पाहून वर जावं, संध्याकाळच्या आत खाली यावं. आणि हवामान खात्याचे इशारे बघताना एक गोष्ट नक्की करावी: 'सातारा' एवढंच बघून निश्चिंत होऊ नये. खातं घाटमाथ्यासाठी वेगळा इशारा देतं. सातारा शहरात रिमझिम आणि घाटमाथ्यावर मुसळधार असं एकाच दिवशी घडतं. फोनवरच्या ॲपमध्ये साताऱ्याचा अंदाज बघून महाबळेश्वरला निघणं म्हणजे दुसऱ्याच गावाचा अंदाज बघणं.

वारा पडतो तेव्हा

सप्टेंबरच्या अखेरीला पश्चिमेचा वारा ढिला पडतो. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मोसमी पाऊस महाराष्ट्रातून परतायला लागतो. पूर्वेचा कोरडा वारा अजून जोर धरत नाही. या मधल्या काळात हवा तुलनेनं शांत असते, आणि माझ्या मते पहिल्यांदा महाबळेश्वर पाहणाऱ्यानं हाच काळ धरावा: ऑक्टोबरच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत.

कारण असं. चार महिन्यांच्या पावसानं हवेतली धूळ, धूर, परागकण सगळं धुऊन काढलेलं असतं. जमीन ओली, त्यामुळे नवी धूळ उडत नाही. वणवे नाहीत. शेतातला पालापाचोळा अजून जाळलेला नाही. अशा हवेत प्रकाश कमी विखुरतो, म्हणून लांबचं स्वच्छ दिसतं. बॉम्बे पॉइंटवरून प्रतापगड आणि मकरंदगड रेखून काढल्यासारखे दिसतात ते या दिवसांत. केट्स पॉइंटवरून कृष्णेचं खोरं आणि धोम धरणाचं पाणी, भरलेलं आणि हिरव्या काठांचं. दोन-तीन महिन्यांनी त्याच जागी उभं राहा, दृश्य तेच, पण मध्ये धुरकट पडदा.

धबधब्यांचंही गणित इथे जुळतं. इथला माथा जांभ्या दगडाचा. जांभा सच्छिद्र, पावसाचं पाणी पोटात घेतो आणि पाऊस थांबल्यावर काही आठवडे झिरपत सोडतो. त्यामुळे ऑक्टोबरात लिंगमळ्याचा धबधबा वाहता असतो आणि तो दिसतोही. जुलैमध्ये तो याहून कितीतरी मोठा असतो, पण ढगात नुसता ऐकू येतो. पाण्याचा हा साठा फार दिवस पुरत नाही. उतार तीव्र, मातीचा थर पातळ. डिसेंबरपर्यंत धार बारीक होते आणि फेब्रुवारीत तिथे जाण्यात अर्थ उरत नाही.

फुलांच्या पठारासाठी मात्र याच्या आधी यावं लागतं. साताऱ्याजवळचं कास पठार, पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेलं, ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलतं. जांभ्याच्या सपाट कातळावर बोटभर माती, तीही पावसानं भिजलेली. मोठी झाडं तिथे तगत नाहीत. छोट्या वनस्पतींना मोजक्या आठवड्यांत उगवून, फुलून, बी धरून मोकळं व्हावं लागतं, कारण ऊन चढलं की माती कोरडी ठाक. म्हणून सगळा बहर एकदम येतो आणि एकदम जातो. कोणतं फूल कोणत्या आठवड्यात जोरात असेल हे पावसाच्या उघडिपीवर ठरतं, त्यामुळे निघण्याआधी सध्या काय फुललंय याची चौकशी करा आणि ऑनलाइन नोंदणी करूनच जा. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कास आणि त्याला जोडून महाबळेश्वर अशी जोड बसते, फक्त वर छत्री लागणार हे धरून चालायचं.

ऑक्टोबरची एक खोड आहे. सकाळ निरभ्र, दुपारी ऊन तापतं, आणि चार वाजता अचानक काळे ढग जमून गडगडाट. जुलैच्या पावसात विजा क्वचित असतात, परतीच्या पावसात भरपूर. उघड्या पठारावर किंवा कड्याच्या टोकावर असताना गडगडाट ऐकू आला तर फोटोसाठी थांबू नका, गाडीत जाऊन बसा. पॉइंट सकाळी, बाजार दुपारनंतर, अशी दिवसाची आखणी केली की हा प्रश्नच येत नाही.

पूर्वेचा वारा

नोव्हेंबरच्या मध्यानंतर वारा जमिनीवरून, पूर्वेकडून येतो. कोरडा, थंड, ढगांशिवाय. आकाश मोकळं राहिलं की जमिनीनं दिवसभर साठवलेली उष्णता रात्री थेट वर निघून जाते. ढग असते तर त्यांनी ती बरीचशी अडवली असती. त्यामुळे हिवाळ्यात इथे दिवस उबदार आणि रात्र गार, असा मोठा फरक पडतो.

आता वेण्णा तलावाकडच्या त्या गोठलेल्या दवाबद्दल. दरवर्षी एखाद्या थंडीच्या लाटेत बातमी येते की महाबळेश्वरात हिमकण जमले. बातमीखाली लोक वाद घालतात, कारण हवामान खात्याचा आकडा मात्र आठ-दहा अंश दाखवत असतो. दोन्ही खरं असतं. थंड हवा जड. रात्री उतारावर निवलेली हवा, पाणी जसं ओघळून खोलगटात साचतं तशी, हळूहळू खाली सरकते आणि वेण्णा तलाव ते लिंगमळा या सखल भागात साचते. त्यात खात्याचा तापमापक सावलीच्या पेटीत, जमिनीपासून चार-एक फूट वर असतो. गवताची पाती त्याहून कितीतरी जास्त निवतात. म्हणून उंचावरच्या बाजारपेठेत स्वेटरवर भागतं आणि काही किलोमीटरवर, खाली, गाडीच्या टपावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर दव गोठलेलं असतं.

ते बघायचं असेल तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात: आभाळ निरभ्र, वारा अजिबात नाही, आणि उत्तरेकडून थंडीची लाट आलेली. थोडं जरी वारं असलं तरी थर ढवळला जातो आणि काही होत नाही. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत अशा पहाटा मोजक्याच. उन्हं आली की अर्ध्या तासात सगळं वितळतं. खोली आरक्षित करताना याची खात्री कुणीही देऊ शकत नाही, देत असेल तर विश्वास ठेवू नका.

हिवाळ्यात सकाळी उंच पॉइंटवरून खालच्या खोऱ्यांत पांढरं धुकं भरलेलं दिसतं आणि डोंगरांची टोकं तेवढी वर असतात. कारण तेच, थंड हवा तळाशी साचलेली. विल्सन पॉइंट हा इथला सगळ्यात उंच, १,४३९ मीटर. तिथला सूर्योदय या दिवसांत बघण्याजोगा. पण त्याच थरात खालचा धूर आणि धूळही कोंडली जाते, म्हणून दुपारी कोकणाकडे बघावं तर सगळं फिकट.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळता आला तर टाळाच. दिवाळीनंतरचे चार दिवसही. वेण्णा तलावापासून बाजारपेठेपर्यंत गाड्यांची रांग लागते आणि खोल्यांचे दर मनाला येतील तसे चढतात.

स्ट्रॉबेरी कधी खायची

स्ट्रॉबेरीचा हिशोब स्वतंत्र समजून घ्यायला हवा, कारण पुष्कळ लोक ऑक्टोबरात येऊन 'फळ कुठाय' असं विचारतात. रोपं पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात लागतात. गादीवाफे, त्यावर प्लास्टिकचं आच्छादन, ठिबक. साधारण नोव्हेंबरच्या अखेरीपासून पहिली फळं येतात, पण ती थोडी आणि महाग. खरी आवक जानेवारी ते मार्च, आणि एप्रिलपर्यंत हंगाम ओढला जातो. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा, हे या पिकाला मानवतं. गार रात्रीमुळे फळ सावकाश पिकतं आणि त्यात साखर उतरायला वेळ मिळतो. पूर्वेचा कोरडा वारा हे दोन्ही देतो. त्याच वेळी अवकाळी पाऊस आला तर जमिनीलगतच्या फळाला बुरशी लागते आणि शेतकऱ्याची महिनाभराची कमाई जाते.

देशातली बहुतेक स्ट्रॉबेरी महाबळेश्वर-पाचगणीच्या या पठारावर पिकते, आणि २०१० साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. रस्त्याकडेच्या खोक्यातलं फळ घेण्यापेक्षा भिलारकडच्या शेतात जाऊन, परवानगी घेऊन, स्वतः तोडून खावं. भिलार हे २०१७ पासून पुस्तकांचं गावही आहे. घराघरांत मराठी पुस्तकं मांडलेली असतात, कुणीही जाऊन बसावं आणि वाचावं. पॉइंट बघून कंटाळलेल्या कुटुंबाला अर्धा दिवस तिथे जरूर घालवायला सांगेन मी.

म्हणून माझी दुसरी पसंती फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत. दहावी-बारावीच्या परीक्षांमुळे गर्दी ओसरते, दर उतरतात, फळ स्वस्त आणि गोड. थंडीची धार गेलेली असते, ऊन अजून चढलेलं नसतं. जंगलात याच सुमारास अंजनीला निळीजांभळी फुलं येऊ लागतात, पाठोपाठ जांभूळ मोहरतं. मधमाश्यांचा हा भरभराटीचा काळ. इथला मध घ्यायचा तर उन्हाळ्याच्या सुरुवातीला नव्यानं काढलेला मागावा. घरात मुलं परीक्षेची नसतील आणि धबधब्याचा हट्ट नसेल, तर हे चार आठवडे अतिशय उत्तम.

समुद्राकडचा वारा पुन्हा

एप्रिल-मे हा इथला सगळ्यात जुना 'सीझन'. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानं १८२८-२९ च्या सुमारास साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांकडून जागा मिळवून इथे आरोग्यस्थान वसवलं. बाजारपेठेला माल्कम पेठ नाव पडलं ते त्यावरून. पुढे मुंबईचं सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरला, पावसाळ्यात पुण्याला आणि हिवाळ्यात मुंबईला, असं फिरत राही. पाऊस सुरू होण्याआधी साहेब लोक पुण्याला उतरत, हे लक्षात घ्या. वारा ओळखूनच त्यांचं वेळापत्रक बसवलेलं होतं.

मुंबईच्या दमट उकाड्यातून येणाऱ्याला तेव्हा इथे खरोखर जीव गार वाटत असणार. आजही मे महिन्यात दुपारी तीस अंशांच्या आसपास तापमान असतं आणि दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की संध्याकाळ सुखद होते. पुण्या-सोलापूरच्या मानानं ही चैनच. पण वीजपंखा नसलेल्या काळातली ही गरज आज पुष्कळांना उरलेली नाही, आणि बदल्यात जे सोसावं लागतं ते वाढलं आहे. पसरणी घाटात तास तास गाडी हलत नाही. धबधबे आटलेले. हवेत धूळ, वणव्यांचा धूर आणि समुद्राकडचं बाष्प मिसळून दऱ्या धूसर. आणि पाणी. साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या याच तालुक्यातल्या काही वाड्यांना मे महिन्यात पिण्याचं पाणी पुरत नाही, कारण पडलेलं पाणी उतारावरून निघून जातं. वेण्णा तलाव १८४२ साली बांधलेला, त्यावरच महाबळेश्वर आणि पाचगणी या दोन्ही गावांची तहान अवलंबून. ऐन टंचाईत सगळ्यात जास्त पाहुणे, हे मला दरवेळी खटकतं. जाणाऱ्यानं निदान हॉटेलातला नळ जपून सोडावा.

उन्हाळ्याच्या बाजूनंही बोलायला हवं. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात वळवाचे ढग यायला लागतात, एखादी सर पडून धूळ बसते आणि त्या संध्याकाळी बॉम्बे पॉइंटवरचा सूर्यास्त वर्षातल्या सगळ्यात रंगीत सूर्यास्तांपैकी असतो. तुती, करवंदं, जांभळं याच दिवसांतली.

शाळेच्या सुट्टीमुळे मे शिवाय पर्यायच नाही, अशी घरं पुष्कळ आहेत. त्यांनी सोमवार ते गुरुवार असे दिवस धरावेत आणि वर चढायचं ते पहाटे, वाईहून साडेसहाच्या आत. केट्स पॉइंट आणि आर्थर सीट नऊच्या आधी उरकावेत, तेव्हा दरी त्यातल्या त्यात स्वच्छ असते आणि गाडी लावायला जागा मिळते. भर दुपारी क्षेत्र महाबळेश्वरची दगडी, गार देवळं किंवा तापोळ्याला कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठची सावली. मुक्काम भिलार किंवा पाचगणीच्या बाजूला घेतला तर संध्याकाळी बाजारपेठेच्या कोंडीत शिरावं लागत नाही. पातळ स्वेटर मे महिन्यातही बरोबर ठेवा, सूर्य बुडाल्यावर कड्यावर लहान मुलांना तो लागतो.